खारू नावाची खार

"वाहक? अहो डॉक्टर, वाहक तर मी आहेच की!" नवऱ्यानं गणवेशाच्या खिशावरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. "इथं लिहिलंयसुद्धा. त्यासाठी रक्त कशाला काढता?"

डॉक्टरीणबाई हसल्या. दिवसभर बसमध्ये लोकांना हसवत तिकिटं देणारा माणूस तो, दवाखान्यात तरी त्याची जीभ कशी स्वस्थ बसणार? शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला मात्र तिसरा महिना लागला होता आणि हसू ओठांपर्यंत येऊन माघारी गेलं.

"हे वाहक निराळे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार आहे. फुफ्फुसांत, आतड्यांत चिकट स्राव साठतो. मूल सारखं खोकतं, कितीही पाजलं तरी अंग धरत नाही. वाहकाला स्वतःला काही होत नाही, म्हणून त्याला पत्ताही नसतो. पण आई आणि बाबा दोघंही वाहक निघाले, तर दर खेपेला मुलाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता."

"म्हणजे विनातिकीट प्रवासी. गाडीत बसलाय, पण कंडक्टरलाच ठाऊक नाही."

"तसंच म्हणा. सक्ती नाही हं. आधी एकाचं रक्त तपासतात, त्यात निघालं तर दुसऱ्याचं. पहिली मुलगी ठणठणीत आहे, पण त्यावरून दुसऱ्याचं काही सांगता येत नाही." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माहेरी कुणी मूल लहानपणी गेलंय? छातीच्या त्रासानं, पोटाच्या?"

"नाही," ती म्हणाली. इतक्या चटकन, की तिचा तिलाच धक्का बसला.

"हिच्या माहेरी अकाली गेली ती एकटी खार," नवरा म्हणाला. "सासूबाईंनी पाळली होती. खारू. अजून त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं."

"विचार करून कळवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खारू खार नव्हता. तिचा थोरला भाऊ होता. ती जन्मायच्या आधी, दीड वर्षाचा होऊन गेलेला. लग्न ठरताना आईनं बजावलं होतं, "त्याचं काढू नकोस कुठं. लोक लगेच घराण्याला बोट लावतात." आणि लग्नानंतर पहिल्यांदा जावई जेवायला आला, तेव्हा आईच पुटपुटली, "आमच्या खारूचं पोट कधी भरायचंच नाही." "अरे वा, खार पाळली होती तुम्ही?" जावयानं विचारलं. आई गप्प. लेकीनं मान हलवली, हो. त्या एका होकाराला पुढं चांगलं झुबकेदार शेपूट फुटलं. नवरा सासूला खारीवरून चिडवायला लागला, आणि त्यांच्या लेकीच्या, चिंगीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यानं हौसेनं कापडाची खार आणली. चिंगी अजून ती घेऊन झोपायची.

दुपारी, ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात एक आजोबा तपासणीच्या खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. "तपासलं की नंबर निघतोच, पोरी. तपासलंच नाही तर कुठून निघेल?"

"आजोबा, नंबर आधीपासूनच असतो. मी फक्त तो सांगते."

हे वाक्य ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची. आज बोलून झाल्यावर तिचे कान तापले. हातातली काच पुसता पुसता तिनं तिच्यावर अंगठ्याचा ठसा उमटवून ठेवला.

संध्याकाळी ती चिंगीला आणायला आईकडे गेली. चिंगी जिन्यावरून खाली-वर पळून घामाघूम झाली होती. तिनं लेकीला जवळ ओढलं, कपाळावर ओठ टेकले आणि हळूच जीभ फिरवली. दुकानात जेवणाच्या सुट्टीत तिनं फोनवर वाचलं होतं, या आजाराची मुलं खारट लागतात.

"चाटतेस काय तिला?" आई मोरीतून पिळलेला कपडा हातात घेऊन बाहेर आली होती.

"काही नाही गं. खारट लागली."

"मग, घामानं सगळीच लेकरं खारट लागतात. तो साबणानं न्हाऊ घातला तरी लागायचा."

"कोण?"

"खारू. म्हणून तर खारू. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं... चपळ होता. खारीसारखा."

"कुठला गं चपळ! नुसता बसून दमायचा. मी पापा घ्यायचे आणि म्हणायचे, माझं खारट खारू."

ती तिथंच जमिनीवर बसली. सकाळचं सगळं सांगून टाकलं.

"नाही म्हणालीस ते बरं केलंस," आई म्हणाली.

"आई, तपासणी करून घ्यावी म्हणते मी."

"नको!" आईनं कपडा पुन्हा पिळला, त्यातून थेंबही पडला नाही. "काय निघणार त्यातून? माझंच नाव. तुझी आजी म्हणायचीच, हिच्या दुधातच खोट आहे. तो गेला त्या दिवशी मी त्याला थंडीत न्हाऊ घातलं. आता रक्तातूनही मीच निघू दे!"

इकडे आड, तिकडे विहीर. सकाळी ती 'नाही' म्हणाली ती या आवाजाच्या धाकानंच, हे तिला आत्ता कळलं. आईला वाचवायला तिनं पोटातल्या जिवाला पुढं केलं होतं. आणि आता त्याच्यासाठी आईला पुढं करायचं?

"आई, ऐक. तोच आजार होता असं आज कुणी सांगू शकणार नाही. पण असेल, तर तो एकटीकडून येतच नाही. निम्मं तुझ्याकडून, निम्मं बाबांकडून."

आईनं हातातला कपडा खाली ठेवला.

"ह्यांच्याकडून?"

"हो."

"निम्मं?"

"बरोबर निम्मं."

"आणि थंडीत न्हाऊ घातल्यानं?"

"त्यानं हा आजार होत नाही, आई."

आई खिडकीच्या कठड्याला टेकली. "तुझे बाबा जाईपर्यंत मी त्यांची माफी मागत होते गं," ती म्हणाली. "आणि ते माफ करत होते. दर वेळी."

तेवढ्यात दारात नवऱ्याची चामड्याची पिशवी खुळखुळली. "चला, चला, शेवटची गाडी! अरे, आई, डोळे का ओले? पुन्हा ती खार?"

"अहो, सकाळी मी..." ती जमिनीवरून उठू लागली.

"जावईबापू, बसा," आई म्हणाली. "खारू माझा मुलगा होता. दीड वर्षाचा. हिला मीच बोलू दिलं नाही."

तो बसला. पिशवी मांडीवर तशीच. प्रत्येक गोष्टीवर ज्याच्याकडे काही तरी बोलायला असायचं, तो चिंगीच्या काखेतल्या कापडी खारीकडे नुसता बघत राहिला.

"डॉक्टरांना मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्यासमोर."

"ते राहू दे." त्याचा आवाज बसला होता. "इतकी वर्षं मी ह्यांना चिडवत आलो. एकदा तरी माझ्या पायावर पाय द्यायचास गं."

तिनं चिंगीच्या काखेतून घसरलेली खार वर सरकवली.

"उद्या जाते मी," ती म्हणाली. "आधी माझं रक्त देते."

"दोघांचं एकदमच देऊ," तो म्हणाला. या वेळी त्यानं बिल्ल्याला हात लावला नाही.

आईनं चिंगीला हाक मारली. आजवर नातीच्या गालाला बोटं लावून तीच बोटं ओठांना लावायची, एवढाच तिचा पापा. खारूनंतर कुठल्याच लेकराच्या कपाळाला तिनं ओठ लावले नव्हते, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिनं मोरीत नेऊन चिंगीचं तोंड साबणानं धुतलं, कोरडं पुसलं. मग वाकून कपाळावर ओठ टेकले आणि तशीच थांबली. सरळ झाल्यावर तिनं ओठांवरून सावकाश जीभ फिरवली.

"नुसता साबण लागतोय," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.