बाहीची टोपी घातलेला मायक्रोफोन

मित्रांनो, माझ्यापुढे आजवर पुष्कळ माणसे बोलली. कुणी धापा टाकत बोलले, कुणी डोळे पुसत, तर कुणी हेल्मेट काढायचे विसरून आतल्या आतच बडबडले. मी सगळ्यांचे ऐकून घेतले. ऐकणे हाच माझा धंदा. मी रेडिओचा एक जुना मायक्रोफोन आहे. आता मला फारसे काम उरलेले नाही, म्हणून म्हटले, एकदा आपणही बोलून घ्यावे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या या टोकाला मी नुसती पोकळ नळी होतो. त्या टोकाला पोहोचेपर्यंत पोटात तारा आल्या आणि डोक्यावर बारीक जाळी बसली. शेवटच्या खुर्चीवर एक मावशी बसत. कानाला यंत्र लावून त्या प्रत्येकाला टिचकी मारीत आणि आवाज तपासत. मला टिचकी मारून त्या शेजारणीला म्हणाल्या की हा ऐकेल नीट. मुलाच्या पाठीवर थाप मारावी तसे ते शब्द मी जपून ठेवले आहेत.

रेडिओच्या कचेरीत मी आलो आणि एका बातमीदार बाईंच्या हाती पडलो. बाई तोवर हवामान आणि बाजारभाव सांगत. मोटारींच्या रॅलीवर जायला कचेरीतले कुणी तयार नसे. धूळ खायची, दिवसभर उभे राहायचे आणि बूट फाडून घ्यायचे, कुणी सांगितले आहे! म्हणून ते काम बाईंच्या गळ्यात पडले. बाई नुसते "बरं" म्हणाल्या. कुणी काहीही सांगितले तरी त्या "बरं" म्हणत. त्यांचे यजमान रेडिओचेच तंत्रज्ञ होते. ते गाडीत बसून बटणे फिरवत, आणि बाई माझी लांब वायर ओढत रस्त्याच्या कडेला उभ्या राहत. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी बायकोने आपल्याला दोरीला बांधून ठेवले आहे, असे यजमान माझ्या वायरीकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत.

रॅली म्हणजे काय ते आधी सांगतो. तिथे सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. डोंगरातला कच्चा रस्ता बंद करतात आणि एकेक गाडी सोडतात. प्रत्येकीची शर्यत घड्याळाशी. अशा एका तुकड्याला टप्पा म्हणतात. टप्पा संपला की गाडी लाल पाटीशी थांबते. तिथे आम्ही उभे. खिडकीची काच खाली येते आणि मी आत जातो.

पहिल्याच रॅलीत माझी फजिती झाली. माझ्या डोक्यावर कारखान्याने दिलेली स्पंजाची टोपी होती. एक गाडी अशी काही जवळून गेली की टोपी उडून थेट दरीत. उघड्या डोक्याने मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. बाईंनी इकडे तिकडे पाहिले, गाडीत पडलेला यजमानांचा लोकरी स्वेटर उचलला, कात्रीने एका बाहीचे मनगट कापले, टोक शिवले आणि माझ्या डोक्यावर चढवले. संध्याकाळी गार वारा सुटल्यावर यजमान बाहीचे टोक कुठे गेले म्हणून शोधत बसले. ती टोपी माझ्या डोक्यावर अजून आहे. कारखान्याच्या टोपीपेक्षा ती उबदार आहे, आणि वाऱ्याला तर बिलकूल दाद देत नाही.

लाल पाटीशी पत्रकारांची नुसती झुंबड असे. टीव्हीवाले कोपराने ढकलत. गाडी थांबते न थांबते तोच सगळे एकदम प्रश्न विचारत, आणि प्रश्नातच उत्तर घालून देत. टायर खराब होते ना? घाबरलात ना? आता जिंकणारच ना? दमलेला माणूस हो म्हणून मोकळा होई, आणि दुसऱ्या दिवशी तेच छापून येई. बाईंची रीत वेगळी होती. त्या मला खिडकीत धरत आणि थांबत. आधी त्या माणसाला श्वास घेऊ देत, मग विचारत. प्रश्नही छोटा. पुन्हा थांबत. त्यामुळे त्यांना जे ऐकायला मिळे ते दुसऱ्यांना मिळत नसे. कचेरीत मात्र बातमी बनवताना बाईंचा प्रश्न कापून टाकत आणि चालकाचे उत्तर तेवढे ठेवत. ती तिथली पद्धतच होती. बाईंना त्याचे काही वाटत नसे.

मित्रांनो, आता एका रॅलीची गोष्ट सांगतो. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे जे आहे ते तिथेच आहे.

एका टीमच्या दोन गाड्या होत्या. एकीचा चालक चाळिशी ओलांडलेला होता. या धंद्यात ते म्हणजे म्हातारपणच, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणत. दुसरा चालक नवा होता, त्याला धाकटा म्हणत. आजोबांची गाडी त्यांचा सख्खा मेहुणा बांधत असे. त्याच्या खिशात सदैव पाना, म्हणून त्याचे नावच पाना पडले. पाना मेकॅनिक आजोबांना दाजी म्हणे आणि गाडीवर ओरखडा आला तर दाजींनाही सोडत नसे. बहिणीला सांगेन, म्हणून धमकी देई. रॅली संपल्यावर तो स्वतःचे गॅरेज काढणार होता. पाटी रंगवून तयार होती, नुसती टांगायची बाकी होती.

शेवटच्या दिवशी आजोबा पहिले होते आणि धाकटा दुसरा. पण वर्षभराच्या गुणांत धाकट्याला अजिंक्यपदाची संधी होती. त्याला ही रॅली जिंकायलाच हवी होती. आजोबांना गुणांचा काही उपयोग नव्हता. अशा वेळी टीम पुढच्याला मागे यायला सांगते. त्याची एक रीत आहे. प्रत्येक टप्प्याच्या आधी रस्त्यात एक टेबल असते आणि टेबलावर घड्याळ. ठरलेल्या मिनिटाला तिथे हजेरी लावायची. उशीर झाला की दंडाचे सेकंद वाढतात. तर मागे यायचे असेल त्या चालकाने टेबलाच्या अलीकडे मुद्दाम थांबून राहायचे, की झाले. नियमात बसते. पण लोकांना आवडत नाही. ज्यांनी गाडीवर आपली नावे रंगवायला पैसे दिलेले असतात त्यांना तर मुळीच आवडत नाही. म्हणून टीम बाहेर सांगते की गाडी बिघडली.

शेवटच्या टप्प्याआधी टीमच्या तंबूत मी बाईंच्या काखेत होतो. मॅनेजर साहेबांनी आजोबांना थांबायला सांगितले. आजोबांनी मान डोलावली. टीमसाठी थांबणे त्यांना नवे नव्हते, ते त्यांना कमीपणाचेही वाटत नव्हते. मग मॅनेजर म्हणाले की रेडिओवर सगळे थेट जाणार आहे, तेव्हा गिअरबॉक्स अडकला म्हणून सांगा. पाना तिथेच उभा होता. तो गिअरबॉक्स त्याने स्वतःच्या हाताने जोडलेला होता. तो फडक्याने हात पुसत राहिला. हात आधीच स्वच्छ होते.

"साहेब, डोकं तुमचं चालतंय, पण बुडतंय याचं गॅरेज," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "पाटी टांगायच्या आधीच उतरवायला लावताय."

मॅनेजर म्हणाले की आठवड्याभरात लोक विसरतील. जाता जाता त्यांनी बाईंना सांगून ठेवले, गिअरबॉक्सला काय झाले तेवढे विचारा. बाई म्हणाल्या, "बरं."

आम्ही शेवटच्या टप्प्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिलो. बाईंच्या कानातल्या यंत्रात बातमी आली, आजोबा टेबलाच्या अलीकडे थांबले. दंड लागला. पाटीशी गलका झाला. गाडी बिघडली, गाडी बिघडली, असे जो तो म्हणू लागला. एका टीव्हीवाल्याने तर पानाची मुलाखत घ्यायला माणूस पिटाळला. गिअरबॉक्स जोडणारा कोण ते आधीच सगळ्यांना कळले होते.

आणि मग मी आजोबांची गाडी ऐकली. ती दिसायच्या कितीतरी आधी मला ऐकू आली. वरच्या वळणावर गिअर बदलला, मग त्याखालच्या वळणावर. कुठे अडखळणे नाही की खरखर नाही. पाठ असलेला पाढा म्हणावा तशी गाडी एकेक पायरी उतरत आली. मागाहून कळले की तो टप्पा सगळ्यांत जलद आजोबांनीच काढला. दंड मोठा होता, त्यामुळे रॅली धाकट्याचीच झाली. टीमला दिलेला शब्द त्यांनी मोडला नव्हता.

गाडी थांबली. काच खाली आली. बाईंनी मला आत धरले.

आजोबांचे डोळे बाईंच्या खांद्यामागे गेले. तिथे मॅनेजर उभे होते. आजोबा बोलेनात. बाईंनीही काही विचारले नाही. मागून मॅनेजर कुजबुजले, गिअरबॉक्स विचारा. बाईंच्या कानात कचेरीतून ओरडत होते, बोला, काहीतरी बोला. मित्रांनो, रेडिओवर शांतता म्हणजे मोठा गुन्हा. घरी माणसे रेडिओला थपडा मारू लागतात. अशा वेळी गाडीतल्या तंत्रज्ञाने बटण फिरवून गाणे लावायचे असते. यजमानांचा हात बटणावर होता. त्यांनी ते फिरवले नाही.

बाईंनी तो प्रश्न विचारला असता तर आजोबा हो म्हणून सुटले असते. माणूस दमलेला होता आणि मॅनेजर समोर होते. नुसती मान हलवली असती तरी भागले असते. मला बाईंचा हात कळत होता. तो जराही मागे येत नव्हता.

शेवटी आजोबांनी हेल्मेटचा पट्टा सोडला.

"गाडीला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "माझ्या मेहुण्यानं बांधलेली गाडी आहे, तिला काय धाड भरलीय. टीमनं सांगितलं म्हणून थांबलो मी. गाडी नव्हती थांबली."

बाई म्हणाल्या, "बरं."

पुढचे थोडक्यात सांगतो. मॅनेजर बाईंशी वर्षभर बोलले नाहीत. पुढच्या हंगामात आजोबांना त्या टीमने घेतले नाही. ते नव्या चालकांना शिकवू लागले आणि घरी जेवायला वेळेवर येऊ लागले, त्यामुळे पानाची बहीण खूश. पानाच्या गॅरेजची पाटी टांगली गेली. तिथे पहिली गाडी कुणी आणली असेल? धाकट्याने. करंडक घेऊन आला आणि म्हणाला, माझा गिअरबॉक्सही तसाच बांधून द्या. पानाने आधी करंडक बाजूला ठेवायला सांगितला, तिथे तेल सांडले होते.

मीही पुढे पुष्कळ वर्षे काम केले. मग बोटाएवढे, बिनवायरीचे मायक्रोफोन आले. मला एका खणात टाकले गेले. वर कुणीतरी जुन्या बॅटऱ्या ठेवल्या. तो काळ वाईट होता. सर्वांत वाईट वाटले ते वायर गुंडाळून ठेवताना कुणी तिला पीळ घातला त्याचे. बाईंनी माझी वायर कधी पिळू दिली नव्हती. यजमान निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी खण उघडला, मला खिशात घातले आणि कचेरीतल्या साहेबांना विचारले, नेऊ का? साहेब म्हणाले, हे काय आहे?

घरी आल्यावर बाईंनी आधी वायरीचा पीळ काढला. नंतर काही वर्षे आम्ही तिघे सुखात होतो. मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

यजमानांना बाईंचा आवाज हवा होता. जन्मभर आवाज टेप करण्याचे काम केलेला माणूस, पण घरच्या माणसाचा आवाज कोण टेप करतो? ते कचेरीत गेले. जुन्या बातम्यांच्या टेपा होत्या, पण त्यांत प्रश्न कापलेले होते. सगळीकडे चालकच बोलत होते. एकच टेप न कापलेली निघाली, त्या शेवटच्या टप्प्याची. ती थेट गेली होती, म्हणून शांततेसकट उरली.

आता दर रविवारी दुपारी आजोबा आणि पाना येतात. आजोबा आता खरेच आजोबा झाले आहेत. यजमान चहा करतात आणि टेप लावतात. एक बाही आखूड असलेला तो स्वेटर ते अजून घालतात. टेपमध्ये गाडी येऊन थांबते आणि पुढे नुसते इंजिन ऐकू येते. पाना दर वेळी म्हणतो, "ऐका दाजी, कसं चाललंय, लोण्यासारखं." दाजी दर वेळी म्हणतात की ती सगळी चालवणाऱ्याची करामत. यजमान दोघांनाही गप्प बसवतात. त्या शांततेत बाई आहेत. त्यांचा श्वास मला ओळखू येतो, आणि यजमानांनाही येतो. मग आजोबांचे बोलणे होते, आणि शेवटी बाईंचे ते एकच "बरं."

यजमान हसतात, टेप बंद करतात, आणि मऊ फडक्याने माझी जाळी पुसून टोपी पुन्हा नीट बसवतात. ते काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने काही असेल तर त्याला धुळीपासून जपा आणि त्याची वायर पिळू नका. आणि कुणाला काही विचारलेत, तर उत्तर त्याच्या तोंडात घालू नका. थोडे थांबा. आणि तुमच्या घरात कुणी रोज नुसते "बरं" म्हणत असेल, तर ते आजच नीट ऐकून ठेवा.