सतरा टक्के ओल

माती कधी खोटं बोलत नाही. प्रतापच्या केबिनमध्ये हे वाक्य सोनेरी अक्षरांत फ्रेम करून टांगलेलं होतं. बागांसाठी गोडी, म्हणजे बिनखारी, माती विकणाऱ्या एका कंपनीनं ती फ्रेम नववर्षाची भेट म्हणून दिली होती, आणि त्याच महिन्यात प्रतापनं त्या कंपनीची माती खारट म्हणून नापास केली होती.

प्रताप मूळचा नाशिकचा. कॅनडातल्या गवताळ सपाटीवर बर्फाच्या पाण्यानं भरणारी असंख्य तळी असतात. त्यांच्या काठाला क्षार कसे साचतात यावर त्यानं डॉक्टरेट केली. मग जिथं तळी नाहीत आणि गवतही नाही अशा कतारमध्ये येऊन माती तपासणीच्या कंपनीत नोकरी धरली. नातेवाइकांना हे विनोदी वाटे. त्याचं म्हणणं, पाणी उडून गेल्यावर मागं जे उरतं ते दोन्हीकडे सारखंच. दोन्हीकडे जिप्सम.

जिप्समची एक खोड आहे. मातीतली ओल मोजायची तर माती तोलायची, ओव्हनमध्ये एकशे पाच अंशांवर वाळवायची, पुन्हा तोलायची; घटलं ते पाणी. पण जिप्समच्या खड्यातच पाणी कोंडलेलं असतं. एकशे पाचवर खडा मोडतो, ते पाणीही निघून जातं आणि ठणठणीत कोरडी माती कागदावर ओली दिसते. म्हणून असली माती साठ अंशांवरच वाळवायची. ओव्हनच्या दारावर तशी चिठ्ठी प्रतापनंच चिकटवली होती. एक टेक्निशियन ती विसरला तेव्हा प्रताप सगळ्यांसमोर म्हणाला होता, "दगडाला घाम फोडलास की रे."

२००४च्या जानेवारीत त्याची मुलगी नुपूर मेंदूज्वरानं गेली. नऊ वर्षांची होती. शवपेटीबरोबर तो आणि त्याची बायको नीता नाशिकला गेले, सगळं उरकून परत आले. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत तिची कुंडी तशीच होती. पुण्याच्या मावशीनं आणलेल्या सीताफळाची बी तिनं त्यात खुपसली होती आणि ती चक्क उगवली होती. नीता त्याला रोप म्हणाली की नुपूर दुरुस्ती करायची, "आई, इट्स अ ट्री. इट्स जस्ट शॉर्ट."

मार्चमध्ये कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आली.

"हे जमिनीत लावायला हवं," नीता म्हणाली. "कुंडीत नाही काढायचं हे उन्हाळा."

जमीन तीन मजले खाली होती आणि तिच्यावर पार्किंग होतं.

दापोलीकडचा फुजैल शहराबाहेर एका अरबाचा मझरा, म्हणजे शेतवाडी, सांभाळत असे. प्रतापची नि त्याची ओळख मातीच्या नमुन्यांवरून झालेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"जागा कंची पन घ्या, प्रतापभाई. अरब काय बोलायचा नाय. फक्त जून-जुलैत मी गावाला. पानी घालायला कोन नसनार, आधीच सांगतो."

"मग ओल धरणारीच जागा बघायला हवी."

"ते तुमी बघा. तुमचाच धंदा हाय."

दोन जागा होत्या. एक पाण्याच्या टाकीजवळ, तांबूस मातीची. दुसरी पलीकडच्या सखल भागाच्या काठाला. तिथली माती फिकट, भुसभुशीत, पाय टेकला की आत जाणारी. प्रतापनं दोन्हीकडचे नमुने डब्यांत भरून लॅबमध्ये नेले आणि स्वतःच ओव्हनमध्ये ठेवले. टाकीजवळ पाच टक्के ओल निघाली. काठाला सतरा.

त्यानं लॅबमधूनच नीताला फोन केला. "सतरा टक्के," तो म्हणाला. जानेवारीनंतर त्याच्या आवाजात जरा जीव आल्यासारखा वाटला, असं नीतानं नंतर तिच्या बहिणीला सांगितलं.

शुक्रवारी तिघांनी मिळून झाड लावलं. नीतानं हळदकुंकू वाहिलं. फुजैल जरा बाजूला सरून उभा राहिला, मग त्यानंही हात उघडून काहीतरी पुटपुटलं. जूनपर्यंत झाडाला चार नवी पानं आली, कारण जूनपर्यंत फुजैल पाणी घालत होता. प्रतापही जमेल तसा जाऊन यायचा; जुलैत कंपनीनं त्याला साइटवर अडकवलं. तरी काळजी नव्हती. सतरा टक्के होती ना.

परत गेला तेव्हा काडी उभी होती. हात लावला तर मोडली.

त्यानं बुंध्याजवळची माती डब्यात भरली. ती लॅबमध्ये साठ अंशांवर वाळवली. दोन टक्के.

नीता स्वयंपाकघरात मुगाची डाळ निवडत होती. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवायची, त्यामुळे त्याला फार बोलावं लागलं नाही.

"झाड गेलं," तो म्हणाला.

ती डाळ निवडत राहिली. "सतरा टक्के होती ना?"

"एकशे पाचवर वाळवली होती."

"आणि माती?"

"जिप्सम."

हे समजायला तिला एक क्षण पुरला. दरवर्षी दहावीला ती हेच शिकवायची.

"जिप्सम तापवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं," ती म्हणाली. "गणपतीचं. तू तिच्या झाडासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस केलंस, प्रताप."

"हो."

"तुला माहीत नव्हतं?"

"चिठ्ठी माझीच आहे."

"मग?"

तो खुर्चीवर बसला. "काठावरची माती बघितली तेव्हाच कळलं होतं, जिप्सम आहे. ओव्हनचं बटण फिरवताना हात एकशे पाचवरच थांबला. मी खाली आणला नाही. पाणी असावं असं वाटत होतं गं. सतरा आलं. मग मी पुन्हा बघितलंच नाही."

नीतानं ताट बाजूला सारलं. भांडणासाठी लागतो तेवढा श्वास तिनं घेतला आणि तसाच सोडला.

"मला फोनवर म्हणाला असतास, ओल नाहीये," ती म्हणाली, "तर मी तिथं जाऊन राहिले असते. मझऱ्यावर. दोन महिने. पाणी घालत."

"उन्हात?"

"उन्हात."

तिनं खरंच तसं केलं असतं. प्रतापला ते ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं संसार करून तो बायकोबद्दल ठामपणे सांगू शकेल अशा थोड्या गोष्टींतली ती एक होती. तिनं डाळ धुतली, कुकर लावला. दोघं जेवले.

पुढच्या मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं तशी नीता पुण्याला बहिणीकडे गेली, ती तिकडेच राहिली. रविवारी फोन असायचा. हवापाण्याचं बोलणं व्हायचं. त्याआधीच, फुजैल गावाहून परतला तेव्हा प्रतापनं त्याला एवढंच सांगितलं की झाड उन्हानं गेलं. फुजैल म्हणाला, "टाकीजवळ मी लिंबू लावलेलं, ते जगलं बगा," आणि मग त्याला बोलल्याचं वाईट वाटलं.

२००८ साली त्या मझऱ्यावरून सहापदरी रस्ता गेला. टाकी, लिंबू आणि सखल भागाचा काठ, तिन्ही त्यातच आली.