सुलक्षणाबाई मुराळी जातात

शिरपूरच्या सुलक्षणाबाई वर्ष मोजत ते आपल्या पद्धतीनं. कापसाची शेवटची वेचणी आली की नाताळ, उन्हाच्या झळा लागल्या की उपवासकाळ आणि माठातलं पाणीसुद्धा कोमट लागायला लागलं की ईस्टर. प्रत्येक ऋतूची त्यांची प्रार्थना वेगळी असायची. गेली दोन वर्षं मात्र सगळ्या ऋतूंना एकच प्रार्थना चालू होती: प्रभू, माझ्या दिपमालेला घरी आण.

दिपमाला ही एकुलती एक लेक. तिनं वरणगावच्या केळीवाल्या समाधानशी लग्न केलं, तेही हिंदू घरात. सुलक्षणाबाई तेव्हा रडल्या, भांडल्या आणि शेवटी लग्नात जेवूनही आल्या. पण त्यानंतर लेकीनं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. "नाताळला ये गं," असं त्या फोनवर म्हणायच्या. "बघते, आई," एवढंच ती म्हणायची आणि यायची नाही. झालं! बाईंनी मनाशी ठरवून टाकलं की सासूनं पोरीला कोंडून ठेवलंय. चर्च बंद, बायबल बंद, जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा बंद. हे सांगितलं कुणी? कुणीच नाही, पण आईच्या मनाला पुरावा कुठं लागतो! महिलामंडळात त्या उभ्या राहून, "माझ्या लेकीच्या सासूचं कठोर मन मऊ कर," अशी प्रार्थना करत आणि बाया भक्तिभावानं आमेन म्हणत. त्या सासूला, सुंदरबाईंना, मात्र त्यांनी एकदाही फोन केला नव्हता. देवाशी बोलायला त्यांना संकोच नव्हता, विहिणीशी बोलायला होता.

यंदा आखाजी, म्हणजे लेकी माहेरी येतात ती अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली. शेजारच्या कुंदाबाईंची लेक माहेरी येऊन दारातल्या लिंबाला झोका बांधून मोकळी झाली. कुंदाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुन्ही पोर नही उनी का व अक्का?"

"तिच्या घरचे धाडत नाहीत."

"लेवाले कोन गयथं?"

"न्यायला कशाला जायचं? फोन केला होता की."

कुंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "फोन! लेवाले कोनी गयं नही, मंग पोर कसी ई? ती काय पार्सल शे का?"

सुलक्षणाबाई खाली बसल्याच. माहेरून भाऊ, काका, कुणीतरी मुराळी म्हणून जातो, तेव्हा कुठं सासरचे सुनेला मानानं पाठवतात, हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. पण ती कुंदाबाईंच्या घरची रीत. आपल्याकडच्या लेकी नाताळला पिशवी उचलून आपल्या आपण येतात. म्हणजे आपण इकडे वाट बघतोय आणि ती माणसं तिकडे वाट बघताहेत? दोन वर्षं?

दिपमालेला भाऊ नव्हता आणि बाईंच्या नवऱ्याला नरडाण्याच्या कारखान्यात सुट्टी नव्हती. आई मुराळी गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एसटीत बसल्या. चोपडा, भुसावळ करत, घामानं चिंब होऊन, दुपारी वरणगावला पोचल्या. वाटेत त्यांनी प्रार्थना केली नाही. काय मागावं तेच सुचेना.

केळीच्या बागेला लागून घर होतं. ओट्यावर ठसठशीत सुंदरबाई लसूण सोलत बसल्या होत्या. सुलक्षणाबाई उन्हातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी लेकीला न्यायला आले."

सुंदरबाईंच्या मांडीवरचं सूप घसरलं. "एकदाच्या आल्या व माय! दोन आखाज्या रस्त्याकडे पाहून राह्यली मी. गल्लीतल्या बाया इचारे, सुनेले माहेर हाये का नाही? मी म्हने, हाये व, येतीन. पण मनात वाटे, आमच्या घरात आली म्हून तुम्ही पोरगीच टाकली."

आवाज ऐकून दिपमाला कणकेच्या हातानं बाहेर आली आणि आईला पाहताच तिला रडू फुटलं. "कुणालाच का पाठवलं नाहीस गं?"

"अगं वेडे, मग सांगायचं नाहीस का?"

"न्यायला या, असं काय मागून घ्यायचं असतं, आई?"

सुलक्षणाबाईंनी तिला कणकेसकट छातीशी धरलं. पोर त्यांच्यावर रुसली होती, कुणी तिला कोंडलं नव्हतं! त्यांना इतकं हलकं वाटलं की लाज वाटायलासुद्धा दोन मिनिटं उशीर झाला. मग आठवल्या त्या महिलामंडळातल्या प्रार्थना, आणि त्यांनी विहिणीकडे बघायचं टाळलं.

जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. सुंदरबाईंनी समाधानला, सासऱ्यांना, सगळ्यांना एकाच पंगतीत बसवलं. सुलक्षणाबाईंच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. त्यांनी बट्टी कुस्करली, वर तूप ओतलं आणि मोठा घास तोंडात टाकला.

"थांबा व इहीनबाई!" सुंदरबाई कडाडल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. कुणीच अजून ताटाला हात लावला नव्हता.

"आधी पोरीची प्रार्थना होऊ द्या. तिच्या आमेनबिगर या घरात कोणी घास घेत नाही."

दिपमालेनं डोळे मिटले. सुलक्षणाबाईंनीही मिटले. घास चावता येईना, गिळता येईना, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते थांबेना. प्रार्थना संपली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणाल्या त्या सुंदरबाई. सुलक्षणाबाईंचं तोंड भरलेलं होतं.