माझ्यावर सोळा मुद्दे होते

मी स्लाईड आहे, क्रमांक सात. खरं तर बोलणं हे माझं कामच नाही. आम्ही मागे राहून दाखवायचं आणि माणसानं पुढे उभं राहून बोलायचं, अशी सरळ वाटणी होती. पण हल्ली माणसं आमच्याकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभी राहतात, आणि आमच्या अंगावरचं मोठ्यानं वाचत सुटतात. म्हणून आज मीच बोलते. वाचून दाखवणार नाही, एवढं नक्की.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयात, परिचारिकांच्या खोलीतल्या कंप्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत झाला. जन्म दिला तो प्रसूतिकक्षाच्या मुख्य सिस्टरांनी. सव्वीस वर्षं इतरांच्या बाळंतपणात ज्या कधी गडबडल्या नाहीत, त्यांनी माझी पहिली ओळ मात्र पाच वेळा लिहून पाच वेळा खोडली.

कारणही तसंच होतं. तळमजल्यावरचा प्रसूतिकक्ष नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हलवायचा घाट घातला गेला होता. शस्त्रक्रियागृह मात्र खालीच राहणार होतं. आज बाई अडली की तिला शेजारच्या दारातून आत नेतात. उद्या लिफ्टची वाट बघायची, आणि लिफ्ट अख्ख्या इमारतीला एकच. सिस्टर स्वतः स्ट्रेचरवर आडव्या झाल्या, हातात घड्याळ धरलं आणि स्ट्रेचर ओढणाऱ्या मामांना म्हणाल्या, "मामा, मी अडलेली बाई आहे असं समजा." मामांनी सात वेळा ओढलं. तळमजल्यावर दोन मिनिटं लागली, तिसऱ्या मजल्यावरून नऊ.

बाळ अडकलेलं असताना नऊ मिनिटं म्हणजे काय, हे त्यांनी दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. मंगळवारी रुग्णालयाची समिती निर्णय घेणार होती आणि सिस्टरांना बोलायला पंधरा मिनिटं मिळणार होती.

सांगायचं होतं ते दोन आणि नऊ. एवढ्यावर माझं भागलं असतं. पण मला नटवायला सिस्टरांची धाकटी नणंद आली. ती विमा कंपनीत होती आणि स्लाईडच्या बाबतीत घरात तिचा शब्द अखेरचा.

"वहिनी, एवढंच लिहिलंस तर लोक म्हणतील बाईंची तयारीच नाही."

"अगं, पण मुद्दा एवढाच आहे."

"मुद्दा एक असला तरी मुद्दे नकोत का? रिकामी जागा बघितली की साहेब लोक प्रश्न विचारतात."

हे मात्र तिनं खरं सांगितलं. प्रश्न येऊ नयेत म्हणूनच आम्हाला भरतात. माझ्या भावंडांनी आजवर किती बैठकांत किती खऱ्या गोष्टी अशा गाडल्या, याची चौकशी कुणी लावत नाही. लावलीच, तर तिचा अहवालही स्लाईडवरच येईल.

तर मी भरले. 'प्रसूतिकक्ष स्थलांतर : निरीक्षणे, आक्षेप, पर्याय व शिफारसी' असं शीर्षक आलं. त्याखाली सोळा मुद्दे, प्रत्येकापुढे चांदणी. मागे गुलाबीतून हिरव्यात जाणारा रंग. कोपऱ्यात गोल गोल फिरणारं हसरं बाळ. साधी अक्षरं गरीब दिसतात म्हणून नणंदेनं तिच्या ऑफिसातला जुना वळणदार मराठी फॉन्ट आणून बसवला. दोन आणि नऊ गेले अकराव्या मुद्द्यात, कंसात, 'अंदाजे'च्या पाठीमागे. माझ्यावर आकडे तेवढेच दोन, आणि त्यांचीच मला लाज वाटत होती. इतक्या भारदस्त शब्दांत ते उघडेबोडके दिसत होते. बाकी मी स्वतःवर बेहद्द खूष होते. शेजारच्या सहाव्या स्लाईडवर जेमतेम नऊ ओळी होत्या. तिची मला कीव येई.

सोमवारी मामांसमोर तालीम झाली. सिस्टर वाचत होत्या, मामा भिंतीकडे बघत होते. तिसऱ्या मुद्द्याला त्यांनी हात वर केला.

"सिस्टर, ऐकू की वाचू? एक काहीतरी सांगा. दोन्ही करायला गेलो की दोन्ही राहतंय."

"मामा, तुम्हाला यातलं कळत नाही," नणंद म्हणाली.

"हां ताई, तेच सांगतोय. कळत नाहीये."

मला मामांचा भयंकर राग आला. अडाणी माणूस, म्हटलं. समितीला कळेल!

मंगळवारी सिस्टरांच्या आधीच्या वक्त्यानं चाळीस स्लाईड वाचून काढल्या. पंधरा मिनिटांची पाच झाली. अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, स्वागत-बिगत राहू द्या, थेट विषयावर या." सिस्टरांनी सहा जणींना ओलांडून मला पडद्यावर आणलं. मी ऐटीत झळकले.

आणि सभागृह खो खो हसायला लागलं.

सभागृहाच्या कंप्युटरवर तो वळणदार फॉन्ट नव्हताच. माझं मराठी पार नाहीसं झालं होतं. अंगभर टक्क्यांची चिन्हं, उलटेसुलटे कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरं. कोपऱ्यात बाळ मात्र मजेत फिरत होतं.

"ही कुठली भाषा, सिस्टर?" बांधकाम विभागाचे साहेब म्हणाले. तिसरा मजला हा त्यांचाच हट्ट. "एवढ्यात एक दोन आणि एक नऊ तेवढे वाचता येतायत बुवा."

खरंच होतं. आकडे तेवढे जसेच्या तसे उरले होते.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाठ केली आणि लोकांकडे तोंड.

"तेवढंच वाचायचं होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "अडलेल्या बाईला शस्त्रक्रियेला न्यायला आज दोन मिनिटं लागतात. तुम्ही कक्ष वर नेलात की नऊ. मी सात वेळा मोजलंय. नऊ मिनिटं किती असतात ते सांगता येत नाही, म्हणून आपण बसून राहू. घड्याळ लावा."

त्यांनी एक बटण दाबलं आणि मी काळी झाले. अंधारात मी ऐकत होते. कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणी खाकरलं. कपबशी वाजली आणि वाजवणाऱ्यानं ती घाईनं धरली. मग काहीच नाही.

"झालं ना?" बऱ्याच वेळानं अध्यक्ष म्हणाले.

"तीन झालीत, साहेब. बाई अजून लिफ्टपाशी आहे."

सहाव्या मिनिटाला बांधकामवाले साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "राहू द्या. खालीच राहू द्या कक्ष."

कक्ष तळमजल्यावरच राहिला. माझा त्यात वाटा एवढाच, की मी कुणाला वाचता आले नाही.

आता गंमत ऐका. चार दिवसांनी बैठकीचं इतिवृत्त निघालं. त्यात लिहिलं होतं, 'मुख्य परिचारिकांच्या सविस्तर व सुबक स्लाईडमुळे समिती प्रभावित झाली. सर्व विभागांनी हाच नमुना वापरावा.' कुणीतरी माझा फॉन्ट नीट करून दिला. मी इमारतभर वाटली गेले. आज माझ्या एकशे चौदा नकला आहेत आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात ते बाळ फिरतंय.

या घटकेला रक्तपेढीचे दादा माझ्यात टाइप करत बसलेत. त्यांचा फ्रीज वारंवार बंद पडतो आणि आतलं रक्त नासतं. उद्या समितीसमोर तेच सांगायचंय त्यांना. पण नमुन्यात सोळा चांदण्या आहेत, त्या भरल्याशिवाय कसं चालेल? पाचव्या चांदणीवर ते 'पार्श्वभूमी' लिहितायत. फ्रीज बाराव्यात आणायचा बेत आहे.

दादा, मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत. मला बंद करा. अध्यक्षांची खोली याच मजल्यावर आहे, आणि नासलेली ती पिशवी तुमच्या टेबलावरच पडलीय. ती उचला, आत जा आणि त्यांच्यासमोर ठेवा.