दारात न मावणारी रेल्वे

मी रेल्वेचा देखावा आहे. आठ फूट लांब, चार फूट रुंद प्लायवूडवर फिरणारे रूळ, एक बोगदा, एक पूल आणि 'संगमनेर' नावाचं स्टेशन. खऱ्या संगमनेरला रेल्वे नाही, म्हणून बेंजामिन सरांनी ती माझ्या अंगावर आणली.

सर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. निवृत्तीनंतर संगमनेरच्या घरात, माडीवरच्या खोलीत त्यांनी मला बांधायला घेतलं. अकरा वर्षं लागली. त्यांच्या पत्नी विजयमालाबाई माझ्यावरची धूळ झटकताना कुरकुरायच्या, "या पसाऱ्यापायी पाहुण्यांना झोपायला जागा नाही." मला त्यांची धास्तीच वाटे. एक दिवस या मला भंगारात घालतील, असं वाटायचं.

गेल्या नाताळात सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. शब्द ओठांपर्यंत येऊन अडकू लागले. केडगावला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं, एंजेलानं, दोघांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं.

टेम्पो आला त्या सकाळी कपाटं गेली, पलंग गेला. शेवटी टेम्पोवाला कल्याण माझ्यापाशी आला. त्यानं टेपनं आधी मला मोजलं, मग दार मोजलं.

"काकू, ह्ये आडवं धरलं तरी दारातनं जिन्याकडं न्हाई वळायचं. मधून कापावं लागंल. न्हाईतर ऱ्हाऊ द्या हितंच."

दुसऱ्या दिवशी तिथे नवे भाडेकरू येणार होते. मी सरांकडे पाहिलं. ते खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

"करवत कुठल्या पेटीत आहे?" विजयमालाबाईंनी विचारलं.

ज्यांनी जन्मात कधी खिळा ठोकला नाही, त्या मला कापणार होत्या.

त्यांनी सरांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. सरांनी बोगद्याच्या अलीकडून रेघ ओढली, वाकडीतिकडी. मग बाई माझ्याखाली शिरल्या आणि एकेक वायर धरून विचारू लागल्या.

"अहो, ही तोडू?"

सर होकारार्थी मान हलवायचे.

"आणि ही?"

"न... न..."

बाईंनी ती चटकन सोडली. तोडलेल्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी शिलाईच्या डब्यातला एकाच रंगाचा दोरा बांधला, दर वायरीला वेगळा रंग. मग करवत लागली. रूळ कापताना असा कर्कश आवाज झाला, की सरांनी डोळे मिटले.

"थांबू का?"

सरांनी 'नको' म्हणून हात हलवला.

माझे दोन तुकडे वेगवेगळ्या गोधड्यांत बांधले गेले. टेम्पोत एका भागाला दुसरा दिसत नव्हता. प्रत्येक गतिरोधकाला वाटे, पूल मोडला, स्टेशन गेलं.

केडगावला बाईंनी दोऱ्याचे रंग जुळवत मला पुन्हा जोडलं. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सरांनी डाव्या हातानं बटण दाबलं. इंजिन निघालं, पूल ओलांडला आणि सांध्यावर येऊन थांबलं. सरांनी पुन्हा बटण दाबलं. काही नाही. मला वाटलं, आता मी संपलो.

बाईंनी वाकून इंजिन बोटानं दोन इंच पुढे सारलं. ते बोगद्यात शिरलं.

तेव्हापासून संध्याकाळी सर बटणापाशी बसतात आणि बाई सांध्यापाशी. रूळ तिथे केसभर वरखाली आहे. बाई बाजारात गेल्या, की सर बटणाला हात लावत नाहीत. आम्ही दोघंही दाराकडे बघत राहतो.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात, तर मला जरूर बघा. फक्त माझ्या टेबलाला रेलू नका, सांधा हलेल.