लाल चोची

पहिलं पिल्लू सुभद्रेला सकाळी खुराडं झाडताना सापडलं. कोपऱ्यात मरून पडलं होतं. शेपटीच्या मुळाशी मांस उघडं पडलेलं, आणि भोवती उभ्या असलेल्या पिल्लांच्या चोची लाल. मुंगूस शिरलं असेल असं तिला आधी वाटलं, पण जाळी शाबूत होती. ती बघत होती तेवढ्यात एका पिल्लाने दुसऱ्याच्या पाठीवर चोच मारली. रक्ताचा ठिपका उमटला आणि बाकीची सगळी त्या ठिपक्यावर धावून गेली.

"अहो, लवकर या!" ती ओरडली. "एकमेकाइले खाऊन राहिले हे!"

चंद्रभान तोंड न धुताच धावत आला. पाठीवर जखम झालेलं पिल्लू त्याने उचललं, जखमेला डांबर लावलं आणि टोपलीखाली झाकून ठेवलं. मग उकिडवा बसून तो उरलेली पिल्लं एकेक करून तपासू लागला.

कामठी रस्त्यावर, नागपूर मागे पडतं तिथे, त्यांचं शेत आणि घर होतं. दुसरं महायुद्ध सुरू होतं. कामठीच्या लष्करी छावणीत अंडी कितीही आणा, संपायची. चंद्रभानने सरकारी फार्मवर चार महिने राहून विलायती पांढऱ्या कोंबड्या पाळायचं शिक्षण घेतलं होतं. ते जमलं नाही तर जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात माणसं घेत होते, तिकडे जायचं त्याने ठरवून टाकलं होतं. त्याचे वडील नानाजी गळ्यात माळ घालणारे. त्यांच्या अंगणात कधी कोंबडी फिरली नव्हती. पण एकुलता मुलगा परमुलखात जाणार म्हटल्यावर त्यांनी मान तुकवली. अट एकच घातली. मांस-मासळी फाटकाच्या आत यायची नाही.

त्या अटीनेच घोटाळा केला होता, हे चंद्रभानला आता कळत होतं.

"पिल्लाच्या खाण्यात शंभरात वीस भाग प्रोटीन पाहिजे, असं शिकवलं होतं आम्हाले," तो सुभद्रेला म्हणाला. "अंग त्याच्यानंच भरते, पिसं त्याच्यानंच फुटते. फार्मवर सुकी मासळी कुटून टाकत. मी नुसती ज्वारी, कोंडा अन् थोडीशी भुईमुगाची ढेप देऊन राहिलो. बारा-तेराच्या वर जात नसंल."

"मंग ढेप वाढवा ना."

त्याने ढेप वाढवली. सुभद्रेने खुराड्यावर तरट टाकून अंधार केला, म्हणजे पिल्लांना एकमेकांचं रक्त दिसू नये. रोजचं ताकही ती पिल्लांपुढे ठेवू लागली. थोडा फरक पडला. पण तरट जरा बाजूला झालं की पुन्हा तेच. ती हातात काडी घेऊन खुराड्यापाशी बसायची, भाकरीही तिथेच खायची. पाणी भरायला उठून परत येईपर्यंत आणखी एक पिल्लू गेलेलं असायचं.

"मासळीशिवाय भागत नाही वं," चंद्रभान एका दुपारी हळूच म्हणाला. "इतवारीच्या बाजारातून आणतो. बाबाले सांगायचं नाही."

"वास लपते का? अन् मामाजीले फसवून मी त्यांच्या ताटात भाकर वाढू?"

"मंग जबलपूरचं तिकीट काढू का?"

तो सायकल घेऊन निघून गेला.

तो गेल्यावर नानाजी ओसरीवरून उठले. इतके दिवस ते खुराड्याकडे फिरकले नव्हते. आज काठी टेकत आले आणि म्हणाले, "तरट काढ, सुभद्रे. पाहू दे मले."

"नका पाहू, मामाजी."

"काढ म्हणतो ना!"

तिने तरट वर केलं. आत एका पिल्लाला पाच-सहा जणांनी कोपऱ्यात दाबलं होतं. ते ओरडतही नव्हतं. नानाजींनी काठी टाकली, आत हात घालून ते पिल्लू ओढून काढलं. त्यांच्या तळहातावरच त्याची मान लवंडली. धोतराला रक्त लागलं.

"काहून करते हे असं?" त्यांनी विचारलं.

सुभद्रेने घाबरत, अडखळत सगळं सांगितलं. पिल्लांच्या अंगाला जे पाहिजे ते खाण्यात नाही, आणि ते मासळीत आहे. चंद्रभान कुठे गेला, हेही तिने लपवलं नाही.

चंद्रभान परतला तेव्हा नानाजी फाटकात उभे होते. सायकलीच्या कॅरिअरला गोणी बांधलेली. वास रस्त्यापासूनच येत होता. त्याने सायकल थांबवली. आता परत फिरावं लागणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बाबा, मी..."

"बोलू नको," नानाजी म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने फाटक उघडलं. "मी अट घातली अन् ते एकमेकाचं मांस खाऊन राहिले. हे पाप कोणाच्या माथी? ने आत. पण माह्या चुलीपासून दूर ठेव."

चंद्रभानने त्याच संध्याकाळी मासळी कुटली. भीतीपोटी हात सैल सुटला. ढेप वाढवलेली होतीच, वर मासळीही भरपूर पडली. दोन-तीन दिवसांत चोची मारणं थांबलं. सुभद्रेने तरट काढलं आणि पहिल्यांदा पोटभर जेवली.

मग एका सकाळी मोठी पिल्लं उठेनात. खुराड्यात दोन वेळची पिल्लं एकत्र होती, काही धाकटी, काही महिनाभराने मोठी. धाकटी दाणे टिपत होती. मोठी मात्र पंख सोडून बसलेली, सारखी पाणी पिणारी, खाली चुन्यासारखी पांढरी, पातळ घाण.

"आता काय झालं?" सुभद्रेने विचारलं.

चंद्रभानने धाकट्यांकडे पाहिलं, मोठ्यांकडे पाहिलं. "प्रोटीन जास्त झालं," तो म्हणाला. "मोठ्याइले एवढं सोसत नाही. वय वाढंल तसं कमी-कमी करत न्यायचं असते, अन् मी घाबरून सगळ्याइले एकच वाढून राहिलो."

दोघांनी मिळून मध्ये बांबूच्या तट्ट्या घालून पिल्लं वेगळी केली. धाकट्यांना मासळी बेताची. मोठ्यांना ज्वारी-कोंडा जास्त, ढेप थोडी, मासळी चिमूटभर. पुढचे दिवस दोघं सकाळी खुराड्याकडे जात, आधी पांढरी घाण पाहत आणि मग पिल्लं मोजत. मोठ्यांतली काही गेली. उरलेली हळूहळू पायांवर उभी राहिली, पिसं गुळगुळीत झाली. जबलपूरचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

नानाजींनी मात्र मासळी आत आली त्या दिवसापासून सुनेच्या हातचं खाणं सोडलं. गोठ्याच्या टोकाला तीन दगड मांडून स्वतःच भाकरी थापू लागले. सुभद्रेने विनवलं, पाया पडली. शेवटी तिने कामाची वेळ बदलली. उठून आंघोळ करायची, आधी स्वयंपाक, त्यांचं ताट झाकून ठेवायचं आणि त्यानंतरच मासळीला हात लावायचा. कितीतरी दिवस ते ताट तसंच परत यायचं.

पावसाळा संपत आला तेव्हा एक दिवस ती खुराड्यापाशी खाणं कालवत असताना नानाजी मागे येऊन उभे राहिले.

"भाजीत मीठ कमी होतं गं आज," ते म्हणाले आणि ओसरीकडे वळले.