पानांच्या वखारीतले झरोके

मटिल्डाने पदर कमरेला खोचला आणि ओल्या गिलाव्यात छिन्नी घातली. तिसऱ्या घावाला जमिनीलगतचा झरोका मोकळा झाला. मागच्या बावखलाच्या, त्या लहानशा तळ्याच्या पाण्यावरून आलेला गार वारा तिच्या पायांना लागला.

"बाई, काय करता!" सोनू गवंडी धावत आला. "तुमच्या दिरानं, मोठ्या सायबांनीच बुजवायला सांगितलं. पान्यातला साप शिरल म्हनं."

"जाळी लावीन. अजून तीन आहेत, दुसरी छिन्नी आण."

ही वखार विड्याच्या पानांची. सासऱ्यांच्या वेळी पानांच्या करंड्या इथे दोन-दोन दिवस राहायच्या आणि मे महिन्यातही पान कोमेजायचं नाही. हातभर जाड भिंती, खाली झरोके, वर कौलांखाली झरोके. पण ब्याऐंशी साली गावभर स्लॅबची टूम निघालेली. वाटणीत थोरल्या दिराने, प्लासिडने मोठं घर घेतलं, पाडलं आणि स्लॅबचा बंगला ठोकला. धाकट्या फेबियनला, मटिल्डाच्या नवऱ्याला, वखार दिली, नि वर म्हणाला, कोंबड्या पाळा. कोंबड्या! मटिल्डाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच वखारीचं घर करीन आणि दोन्ही मुलींना घेऊन ताठ मानेने राहीन, असं तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

फेबियन मात्र भावापुढे नमला. रविवारी फादर घराला आशीर्वाद द्यायला येतील. भर दुपारी पंख्याशिवाय आत बसवलं नाही, तर जागा दादाला द्यायची आणि गोखिवऱ्याला भाड्याने खोली घ्यायची, असा शब्द त्याने देऊन टाकला होता. तोही बायकोला न विचारता.

प्लासिड आला तेव्हा ती चौथा झरोका फोडत होती.

"लोक हसतील गो, मटिल्डा. स्लॅब नाय, पंखा नाय."

"हसू देत. पानं राहायची, तर माझ्या मुली का नाही राहणार, दादा?"

"रविवारी बघू."

"बघाच."

रविवारी बारा वाजता तीस माणसं आत दाटली. बाहेर अंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता. फादरांनी प्रार्थनेआधी मेणबत्ती पेटवली. विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. फेबियनने ओंजळीचा आडोसा धरला, तरी विझलीच.

"तो खालचा झरोका जरा बुजवा बघू," फादर म्हणाले.

फेबियनने गोणपाट उचललं. मटिल्डा वाट अडवायला पुढे सरसावली, पण तिच्याआधी प्लासिड बोलला. गुडघे दुखतात म्हणून तो झरोक्यासमोरच स्टूल मांडून बसला होता. बंगल्यातून येताना घामाने भिजलेला त्याचा सदरा पाठीवर वाळला होता.

"राहू दे रे तो," जागेवरून न हलता तो म्हणाला. "मेणबत्ती तिकडे कोपऱ्यात न्या, फादर."